जुने कटिंग सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालू द्या : रेडियम व्यावसायिकांचे मागणीपत्र

प्रति,
कटिंग प्लॉटर व त्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या, आयात करणाऱ्या व विकणाऱ्या कंपन्या
प्रत : ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार

महोदय,

दुकानांच्या काचा, टेम्पो-रिक्षांवरची नावे, उत्सवांचे फलक हे आमचे रोजचे काम. आमच्या जुन्या प्लॉटरची मोटर, रूळ ठणठणीत आहेत. पाते झिजले तर बदलता येते. घोडे अडते ते संगणकापाशी.

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. त्यावर ३२-बिट ड्रायव्हर बसत नाही आणि सॉफ्टवेअरच्या परवान्याचे जुने डोंगल लावायला नव्या संगणकाला सहसा प्रिंटर पोर्टच नसते. प्लॉटरच्या सिरियल केबलसाठी यूएसबी कन्व्हर्टर लावला, तर विंडोज त्याला कॉम ७सारखा क्रमांक देते आणि काही जुनी सॉफ्टवेअर कॉम ४च्या पुढे पाहत नाहीत. क्रमांक बदलून जुळवले तरी हँडशेक चुकला की मशिनची मेमरी भरते, आज्ञा गळतात, ‘श्री’ची वेलांटी अर्धी कापून पाते भलतीकडे जाते. तेवढे व्हिनाइल वाया.

म्हणून कित्येकांनी विंडोज एक्सपीचा संगणक जपून ठेवला आहे. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबला आणि तरीही गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह त्याच असुरक्षित संगणकाला लावावे लागतात.

बहुतेक प्लॉटरना एचपीजीएल ही आज्ञाभाषा समजते. इंकस्केपसारखे मुक्त सॉफ्टवेअरही ती काढून देते. म्हणजे मशिन निकामी झालेले नाही, त्याची वाट बंद झाली आहे.

आमच्या मागण्या :

१. जुन्या मॉडेलांसाठी ६४-बिट ड्रायव्हर द्यावा. ते शक्य नसल्यास आज्ञासूची, बॉड रेट व हँडशेकची माहिती जाहीर करावी.

२. मूळ खरेदी दाखवणाऱ्यास डोंगलऐवजी चालू परवाना द्यावा. कॉपीराइट कायदा, १९५७चे कलम ५२ कायदेशीर ताबा असलेल्यास प्रोग्रॅमची राखीव प्रत काढू देते. डोंगल बिघडल्यावर ती प्रत कुचकामी ठरते.

३. जुन्या फायली एसव्हीजीत बदलण्याची सोय द्यावी. त्यांत आमची वर्षानुवर्षांची मेहनत आहे.

४. ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाले. ग्राहक व्यवहार विभागाने त्यात कटिंग प्लॉटर व त्यांच्या सॉफ्टवेअरची माहिती देणे कंपन्यांना भाग पाडावे.

आम्ही फुकट काही मागत नाही. वाजवी सेवाशुल्क देऊ. चालते मशिन भंगारात घालून नवे कर्ज काढायची पाळी मात्र आमच्यावर आणू नये. प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे, ही आग्रहाची विनंती.

आपले,
अध्यक्ष व सचिव
(सर्व सभासदांच्या वतीने)