ताटांतील गोडाचा वांटा

सन २०२५ च्या जुलै महिन्यांत आपल्या नागपूर शहराचें नांव एका चमत्कारिक कारणानें देशभरच्या वर्तमानपत्रांत आलें. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें सरकारी कचेऱ्यांना व संस्थांना असें सुचविलें होतें कीं, रोजच्या खाद्यपदार्थांत तेल व साखर किती असते हें दाखविणारे फलक त्यांनीं आपापल्या जागीं लावावेत. आणि अशा संस्थांत येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा, म्हणजे मिहानमधील एम्सचा, उल्लेख झाला. लगेच अशी आवई उठली कीं, आतां समोसा आणि जिलबी यांवर सिगारेटच्या पाकिटाप्रमाणें धोक्याची सूचना येणार! मंत्रालयास खुलासा करावा लागला कीं, विक्रेत्यांच्या मालावर कांहीं छापण्याचा हुकूम नाहीं, व केवळ देशी पदार्थांस नांवें ठेवण्याचा हेतूही नाहीं. हे फलक म्हणजे नुसती आठवण होय. त्याच वर्षीं मे महिन्यांत केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानेंही आपल्या शाळांना ‘साखर फलक’ लावण्यास सांगितलें होतें. ह्या गलबल्यांत मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. तो असा कीं, ज्यास आपलें वजन ताब्यांत ठेवावयाचें आहे, किंवा ज्याच्या घरांत मधुमेह आहे, त्यानें गोड खावें कीं न खावें?

हा प्रश्न हौसेचा नाहीं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत सुमारें १० कोटी माणसांस मधुमेह आहे. म्हणजे शाळेच्या कोणत्याही वर्गांत अशीं मुलें सांपडावयाचींच, कीं ज्यांचे आजोबा, आई किंवा वडील गोळी घेऊन मग जेवावयास बसतात. अशा घरांतून बहुधा दोन तऱ्हा दिसतात. एकीकडे साखरेचें नांव काढतांच जणूं पाप घडलें अशी मुद्रा. दुसरीकडे ‘आज एक दिवस चालतें’ असें म्हणत रोजच तो एक दिवस. मुलें दोन्ही तऱ्हा पाहतात, व दोन्हींपासून चुकीचा धडा घेतात.

फलक चांगले; ते अवश्य असावेत. परंतु पदार्थांत काय आहे, एवढेंच फलक सांगतो. तो पदार्थ कधीं खावा, किती खावा आणि कोणाबरोबर खावा, हें घरानेंच शिकवावयाचें असतें. आमचें मत थोडक्यांत असें: गोडाला घराबाहेर हांकलूं नये, आणि घरभर हिंडूंही देऊं नये, त्याला वार, वेळ व वांटा नेमून द्यावा.

प्रथम वांट्याचें गणित पाहूं. अन्नापासून शरीरास मिळणारी शक्ति ज्या मापानें मोजतात, त्यास उष्मांक किंवा बोलभाषेंत कॅलरी म्हणतात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ॲटवॉटर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे आंकडे बसविले, तेच स्थूलमानानें आजही वापरांत आहेत: एक ग्रॅम साखर किंवा पिष्ट म्हणजे ४, एक ग्रॅम प्रथिन म्हणजे ४, आणि एक ग्रॅम तूप किंवा तेल म्हणजे ९ उष्मांक. हे आंकडे सामान्य माणसाच्या जेवणाच्या मेजावर नेले ते लुलू हंट पीटर्स ह्या अमेरिकन डॉक्टरबाईनें, १९१८ सालीं निघालेल्या आपल्या पुस्तकाच्या द्वारें. पावाचा तुकडा न म्हणतां १०० उष्मांकांचा पाव म्हणावें, असा तिचा आग्रह होता. ही शिस्त उपयोगी खरी. पण तिचा अतिरेक झाला म्हणजे माणूस आंकडे खाऊं लागतो व अन्न विसरतो. म्हणून गणित करावें, पण बेतानें.

बेसनाचा एक लाडू घ्या. त्यांत २० ग्रॅम बेसन, १५ ग्रॅम साखर व १२ ग्रॅम तूप धरलें, तर बेसनाचे सुमारें ७५, साखरेचे ६० आणि तुपाचे १०८, मिळून सुमारें २४० उष्मांक होतात. ह्या बेरजेवरून एक गोष्ट ध्यानांत येईल कीं, लाडवांत साखरेपेक्षां तूप भारी आहे. तेव्हां ‘बिनसाखरेची मिठाई’ अशी पाटी वाचून जो दोन तुकडे अधिक खातो, तो स्वतःस फसवितो. खवा आणि तूप तेथें असतेंच. गूळ व मध यांच्याविषयींही असाच भोळा समज आहे. गुळाचा ग्रॅम साखरेच्या ग्रॅमाइतकाच जवळजवळ भारी. मधांत पाण्याचा अंश असल्यामुळें तो थोडा हलका, इतकेंच. कृत्रिम गोडीच्या गोळ्यांविषयीं म्हणाल, तर ज्यांस आधींपासून मधुमेह नाहीं अशांनीं वजन ताब्यांत ठेवण्यासाठीं त्यांवर विसंबूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं सुचविलें आहे. पळवाट नाहीं, प्रमाण हाच मार्ग आहे.

दुसरें गणित चहाचें. दिवसांतून तीन कप, प्रत्येक कपांत दोन चमचे, व चमचा ५ ग्रॅमचा धरला तर रोजची साखर ३० ग्रॅम, म्हणजे १२० उष्मांक झाली. महिन्याचे ३,६०० झाले. हे पंधरा लाडवांचे उष्मांक होत! महिन्यांत कोणी पंधरा लाडू खाल्ले, तर सारें घर त्याच्यावर डोळे वटारील. पण चहांतले हे पंधरा लाडू कोणास दिसत नाहींत. आणि खरें सांगावयाचें तर त्यांची गोडीही कोणाच्या स्मरणांत राहत नाहीं. प्रत्येक कपांतला एकच चमचा कमी केला, तरी महिनाअखेर साडेसात लाडवांची जागा मोकळी होते. त्यांतले दोन सणाच्या दिवशीं सुखानें खावे, व उरलेले अंगावरून उतरूं द्यावे. आमच्या म्हणण्याचें सार हेंच आहे: जें गोड आपण न चाखतांच गिळतों तें सोडावें, म्हणजे जें गोड आपण आनंदानें खातों त्याची किंमत चुकती करतां येते.

किती साखर चालेल, यालाही माप आहे. वरून घातलेली साखर, मध, पाक व फळांच्या रसांतील साखर मिळून दिवसाच्या एकंदर उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असावी, आणि विसाव्या हिश्श्याखालीं आणतां आल्यास अधिक बरें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें. २,००० उष्मांकांच्या आहारांत दहावा हिस्सा म्हणजे ५० ग्रॅम, व विसावा म्हणजे २५ ग्रॅम. आपल्या चहावाल्या गृहस्थानें विसावा हिस्सा केवळ चहांतच ओलांडला. ज्या थंड पेयाच्या बाटलीवर १०० मिलिलिटरमागें १० ग्रॅम साखर लिहिलेली आहे, तें ३०० मिलिलिटर पिणाऱ्या विद्यार्थ्यानें तर तो एका दमांत ओलांडला.

नागपूरकरांस हा विषय संत्र्यावरून लवकर समजेल. २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेलें आपलें संत्रें सोलून त्याच्या फोडी खाल्ल्या, तर पन्नास-साठ उष्मांकांच्या आसपास काम भागतें. चोथा पोटांत जातो, व दोन संत्र्यांनंतर हात आपोआप थांबतो. त्याच फळांचा रस काढला कीं एका पेल्यांत तीन-चार संत्रीं सहज जातात, चोथा मागें राहतो, आणि ती साखर वरील हिशेबांत धरावी लागते. तेंच संत्रें बर्फीत गेलें म्हणजे त्यास वरून आणखी साखरेची जोड मिळते. संत्रा बर्फी ही आपल्या शहराची शान आहे. परगांवच्या पाहुण्यांस ती अवश्य द्यावी. पण ‘फळाचीच तर आहे’ असें म्हणून ती रोज खाऊं नये. फळ एकच, परंतु रूप बदलतांच त्याचा वांटा बदलतो.

वांट्याइतकेंच वेळेलाही महत्त्व आहे. स्वीडन देशांत लुंड शहरीं विपेहोल्म नांवाच्या संस्थेंत १९४५ पासून पुढें कांहीं वर्षें दांतांच्या किडीविषयीं प्रयोग झाले. तेथें राहणाऱ्या, बुद्धीनें दुर्बळ अशा माणसांना चिकट टॉफी मुद्दाम खावयास घालून त्यांचे दांत किडूं दिले. त्यांची संमति कोणी विचारली नाहीं. असहायांच्या देहांवर मिळविलेल्या ह्या ज्ञानाची किंमत विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. परंतु निष्कर्ष स्पष्ट होता. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेनें दांत फारसे किडले नाहींत. दोन जेवणांच्या मध्यें चघळलेल्या चिकट साखरेनें ते फार किडले. त्यानंतर त्या देशांत मुलांना मिठाई आठवड्यांतून एकदांच, शनिवारीं, देण्याचा प्रघात पडला, व तो अद्यापि अनेक घरांत चालू आहे. नुसती बंदी मुलांना चोरी शिकविते; नेमलेला वार त्यांना वाट पाहावयास शिकवितो.

आपल्या नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनीं दिवसांतून दोनच वेळां जेवावें असा विचार मांडला होता, आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं पुढें त्याचा महाराष्ट्रभर प्रसार केला. ती पद्धति प्रौढांसाठीं आहे, व तिच्याविषयीं वैद्यांत मतभेदही आहेत. वाढत्या वयाच्या मुलांनीं ती अंगीकारूं नये. परंतु येतां-जातां तोंड चालूं ठेवूं नये, हा तिच्यांतला धडा लहानथोरांस सारखाच लागू आहे.

गोडास वार नेमण्याची रीत शिकावयास आपणांस स्वीडनास जावें लागत नाहीं. तिळगूळ संक्रांतीचा, पुरणपोळी होळीची व पोळ्याची, शीरखुर्मा ईदचा, करंजी दिवाळीची आणि आम्हां ख्रिस्ती लोकांच्या घरीं नाताळची, असे वार पूर्वींपासून ठरलेलेच होते. ते टिकले याचें एक कारण असें कीं, ह्या पदार्थांना कष्ट पडत. डाळ शिजवावी, पुरण वाटावें, सारण भाजावें, तेव्हां कोठें ताटांत गोड येई. रोज एवढें करण्यास कोणास सवड होती? आज दुकानांत रोजच दिवाळी आहे, आणि फोनवर बोट ठेवतांच ती दारांत येते. जी मर्यादा पूर्वीं कष्टांनीं घातली होती, ती आतां विचारानें घालावी लागते.

कोणी म्हणतील, ज्यास एका लाडवावर थांबतां येत नाहीं, त्यानें डबाच घरांत ठेवूं नये. हें म्हणणें अगदींच चुकीचें नाहीं. शिवाय मधुमेहाच्या रोग्यास वैद्याचा शब्द हाच शेवटचा. तेथें आमच्या गणितास जागा नाहीं. परंतु इतरांस थांबतां येत नाहीं, तें बहुधा डब्यांतूनच खातात म्हणून. गोड ताटांत वाढून घ्यावें. तें जेवणाबरोबर व सावकाश खावें. लाडू लहान लिंबाएवढा वळावा. पुरणपोळीच्या दिवशीं भात गाळावा. आणि ताट उचललें कीं विषय संपला असें समजावें.

पालकांस दोन गोष्टी सांगणें अवश्य वाटतें. पहिली ही कीं, गोडाला बक्षीस किंवा शिक्षा करूं नये. ‘अभ्यास केलास तर चॉकलेट’ असें रोज ऐकणारें मूल पुढें प्रत्येक श्रमानंतर व प्रत्येक दुःखानंतर चॉकलेटच शोधील. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. वाढत्या मुलाच्या हातीं उष्मांकांची वही देऊं नये, व त्याच्या देहावरून थट्टा करूं नये. ‘जाडी’, ‘ढोल्या’ हे शब्द बोलणारा विसरून जातो. ज्याला ते लागतात तो विसरत नाहीं, आणि एखादी मुलगी मधल्या सुटींत डबा न उघडतां तसाच परत नेते. मुलाच्या वजनाची काळजी वाटल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, व जो बदल करावयाचा तो साऱ्या घरानें करावा. एकाच्या ताटांतला लाडू काढून भावाच्या ताटांत ठेवणें, याला आहारशास्त्र म्हणत नाहींत. याला पंक्तिप्रपंच म्हणतात.

पवित्र शास्त्रांत नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायांत मधाविषयीं जी शिकवण आहे, तिच्यांत मध वर्ज्य सांगितलेला नाहीं. सांगितली आहे ती मर्यादा. चाळीस दिवसांच्या उपवासकाळामागून ईस्टर येतो, रमजानच्या रोज्यांमागून ईद येते, आणि सण सरला कीं पुन्हां भाजी-भाकरी येते. ही पाळी ज्यांनीं घालून दिली त्यांच्यापाशीं उष्मांकांचें कोष्टक नव्हतें. पण रोजचा सण हा सण राहत नाहीं, एवढें त्यांस कळत होतें.

असो. विद्यार्थ्यांनीं ह्या सुटींत एक काम करावें. घरांतील चहा, बिस्किटें व थंड पेयें यांतून आठवड्याला किती साखर येते, याचा हिशेब मांडून तो आईवडिलांपुढें ठेवावा. मग सर्वांनीं मिळून घराचा गोडाचा वार ठरवावा. त्या दिवशींचा पदार्थ घरीं करावा; पुरण वाटावयास मुलग्यांनींही हात लावावा; शेजाऱ्याचा वांटा आधीं काढावा; आणि आजोबांच्या ताटांत वैद्यानें सांगितलें असेल तेवढेंच वाढावें, पण तें सर्वांबरोबर, एकाच पंगतीस वाढावें. अशा पंगतींत मिळालेला लाडू एकच असला, तरी तो पुरतो.