हातचा राखून

उन्हाची चाहूल लागली की आमच्या बचत गटाची वही बाहेर निघते. कुरडयांना गहू किती, नागली किती, उडदाची डाळ किती, लाटायला कोण, विकायला कोण, सगळं मी तारीखवार लिहून काढते. नियोजनाशिवाय धंदा नाही, हे बायकांना इतक्यांदा सांगितलंय की त्या आता हसतात.

२०२० साली वही अगदी चोख होती. गटाची सगळी शिल्लक मी डाळीत आणि पिशव्यांत घातली. एक मैत्रीण चाचरत म्हणाली, "ताई, थोडे पैसे मागं राहू द्या की." मी म्हटलं, "पडून राहिलेल्या पैशाचा काय उपयोग?" २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. प्रदर्शनं रद्द झाली, गिऱ्हाईक तुटलं, पापडांचे डबे घरात थप्पीला लागले. मे महिन्यात त्याच मैत्रिणीला नवऱ्याच्या औषधांसाठी उचल हवी होती. गटाकडे पापड होते, पैसे नव्हते. ती शब्दानंही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

वहीतली बेरीज चुकली नव्हती. पण प्रत्येक आकड्यामागे एक न लिहिलेलं वाक्य होतं: बाहेर सगळं गेल्या वर्षीसारखंच राहील.

आपल्या जिल्ह्यातल्या शेतकरणीला हे कुणी शिकवायला नको. रोप, लागवड, खत, काढणी, कांद्याचं सारं वेळापत्रक तिला तोंडपाठ असतं. तरी ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं निर्यातबंदीचा आदेश काढला, तेव्हा लाल कांदा बाजारात येत होता. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने राहतो, लाल कांदा टिकत नाही. म्हणजे थांबायचीही सोय नाही. बंदी ३१ मार्चपर्यंत म्हणून सांगितली होती. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के शुल्क आणि टनामागे ५५० डॉलर किमान दराच्या अटींसह. शेतातलं नियोजन चोख असलं तरी दिल्लीतल्या निर्णयाला त्यात रकाना कुठून असणार?

म्हणून नियोजन सोडायचं का? मुळीच नाही. व्यवस्थापनाच्या कामांत नियोजनाला पहिलं स्थान देणाऱ्या हेन्री फेयॉलनंही १९१६ मध्ये चांगल्या योजनेचा एक गुण सांगितला होता, लवचिकपणा. माझ्या योजनेत नेमकी त्याचीच जागा नव्हती. एकेक रुपया कामाला लावला, याचाच मला अभिमान होता.

आता आम्ही माल दोन टप्प्यांत भरतो. पहिला विकल्याशिवाय दुसरा नाही. डाळ थोडी महाग पडते, पडू दे. आणि शिलकेचा चौथा हिस्सा कशातच घालायचा नाही. त्या रकान्याला नाव मैत्रिणीनंच दिलं: 'हातचा'.

शाळेत बाई बजावायच्या, हातचा विसरलात तर उत्तर चुकेल. मला ते उमगायला पापडांचे डबे घरात साठावे लागले. मैत्रिणींनो, तुमच्या वहीत हातचा आहे ना?