बिल्ला कोणाच्या छातीवर?

१ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं २८ रुपयांवरून ३१ रुपये झालं. मीटर काही एका रात्रीत बदलत नाही. तो दुरुस्त करून, तपासून घेईपर्यंत छापील दरपत्रक दाखवून पैसे घ्यायचे, अशी सोय होती. त्याच महिन्यात दादरला माझ्यासमोर एक सद्गृहस्थ टॅक्सीतून उतरले. मीटरवर २८ दिसत होते. चालकाने दरपत्रक काढलं आणि ओळीवर बोट ठेवून दाखवलं. गृहस्थांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ‘मीटरपेक्षा जास्त मागतोस? सगळे चोर साले!’ असं म्हणून त्यांनी २८ रुपये बॉनेटवर आपटले आणि ते चालते झाले. एक नाणं गडगडत चाकाखाली गेलं. साठीचा तो माणूस वाकून नाणं शोधत होता. मला उशीर होत होता. मी त्याच टॅक्सीचं दार उघडलं आणि आत बसून राहिलो.

त्या दिवशी तीन रुपयांची चोरी झाली खरी. चोर कोण, हे मात्र रस्त्यावरच्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. छातीवर बिल्ला ज्याच्या, संशय त्याच्यावर, असा आपला न्याय आहे.

या माणसावर किती नियम आहेत, ते मोजून पाहा. लायसन्स, पोलिसांची पडताळणी, बिल्ला, परमिट, गाडीचं फिटनेस, मीटरची तपासणी. गाडीला वीस वर्षं झाली की ती मोडीत. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती; २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची मुदत संपली, तेव्हा शहराने गळा काढून तिला निरोप दिला. तिच्या मागच्या सीटवर रात्री पाय दुमडून झोपणाऱ्या माणसासाठी मात्र एक हुंदकाही फुटला नाही.

नियम नसावेत, असं मी म्हणत नाही. भाडं नाकारणं गुन्हा आहे आणि तो गुन्हाच असला पाहिजे. प्लॅस्टर घातलेल्या पायाने इस्पितळाबाहेर उभ्या असलेल्या बाईला ‘जवळचं भाडं नको’ म्हणणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण आपले नियम पाण्यासारखे उताराकडेच धावतात. वर चढताना त्यांना धाप लागते.

गणवेशाचंच बघा. ज्याच्या नावावर परमिट, त्याने पांढरा घालायचा. जो दुसऱ्याची गाडी चालवतो, त्याने खाकी. मालक कोण आणि राबणारा कोण, हे दुरूनच कळावं अशी व्यवस्था! वर्ण या शब्दाचा मूळ अर्थ रंग, हे आपल्या समाजाला नव्याने शिकवायला नको.

आणि हे परमिट तरी काय चीज आहे? मुंबईत १९९७ मध्ये रिक्षांचे नवे परवाने देणं थांबलं. ती बंदी उठायला २०१७ साल उजाडलं. मधल्या वीस वर्षांत त्या कागदाची जमीन झाली. कागद घरात ठेवणारा जमीनदार झाला आणि उन्हातान्हात हँडल धरणारा त्याचं कूळ झाला. रोजचा खंड आधी मालकाच्या हातावर ठेवायचा, मग गॅस भरायचा, उरलं तर घरी न्यायचं. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणणाऱ्या, कूळकायद्याचा अभिमान मिरवणाऱ्या महाराष्ट्राला ‘चालवील त्याचं परमिट’ असं म्हणावंसं वाटलं नाही. शेतातला अन्याय आपल्याला ओळखता येतो. तोच नाक्यावर येऊन उभा राहिला, की आपण त्याला धंदा म्हणतो.

आता आपल्या नीतीचा ताळेबंद मांडू. जुलैच्या धो-धो पावसात टॅक्सीवाल्याने मीटरवर वीस रुपये जास्त मागितले, तर ती लूट. आपण भांडतो, फोटो काढतो, तक्रार करतो. त्याच पावसात मोबाइलवरचं ॲप दीडपट भाडं दाखवतं, तेव्हा आपण मुकाट बोट टेकवतो. केंद्र सरकारने २०२५ मध्ये सुधारलेल्या सूचनांनी तर ॲपवाल्यांना गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत मुभा दिली. गरिबाने अडवणूक केली तर तो गुन्हा, कंपनीने केली तर ते गणित! टॅक्सीवाल्याने जास्त मागू नये, हे बरोबरच. पण राग पैशाचाच असेल, तर तो ॲपपुढे कुठे पळतो? आपल्याला डाचतो तो मागणाऱ्याचा खाकी शर्ट.

हीच तऱ्हा वाटाड्याची. गेटवेवरून लाँचने घारापुरीला जा. तिथली लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरली. संरक्षित स्मारकात पैसे घेऊन पाहुण्याला फिरवायचं, तर पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. १९५९ पासूनचा तो नियम आहे. नियम चांगला आहे. त्रिमूर्तीसमोर उभं राहून कुणी वाटेल त्या थापा माराव्यात, हे कुणाला आवडेल? पण ज्या बेटाच्या नावाने जगभरचे पाहुणे बोलावले, त्या बेटावरच्या तीन गावांत समुद्राखालच्या केबलने वीज पोहोचली २०१८ च्या फेब्रुवारीत. वारशाचा शिक्का बसल्यावर तब्बल एकतीस वर्षांनी! तोवर तिथली पोरं संध्याकाळचे थोडे तास चालणाऱ्या जनरेटरच्या उजेडात शिकली. ज्याला दिवा दिला नाही, त्याच्याकडे आपण दाखला मागतो. मग तो पायऱ्यांवर टोप्या आणि माळा विकतो, आणि त्याच्या अंगणातला इतिहास बाहेरचा माणूस इंग्रजीत सांगतो. परवाना मागण्याआधी त्या पोरांना शिकवणं, हे कुणाचं काम होतं?

कर्तव्य मागताना आपली जीभ अडखळत नाही. देताना मात्र हात आखडतो. बारा-बारा तास गाडी हाकणाऱ्याने लघवीला कुठे जावं, याचं उत्तर किती स्टँडवर मिळतं? त्याने सभ्य बोलावं, हा आपला आग्रह. त्याला हाक मारताना मात्र ‘ए टॅक्सी!’ विमान चालवणारा कॅप्टन, आणि टॅक्सी चालवणारा ‘ए’!

उपाय अवघड नाहीत, गैरसोयीचे आहेत. जो चालवतो, परमिट त्याच्याच नावावर असावं. स्टँड द्याल तिथे पाणी आणि शौचालय द्या. तक्रार आली, तर चालकाचंही ऐका. काळ्या-पिवळ्याला जो दराचा लगाम, तोच ॲपला घाला. घारापुरीच्या मुलांना आधी शिकवा, मग त्यांची परीक्षा घ्या, आणि उत्तीर्ण झाले तर पहिला परवाना त्यांना द्या.

राहता राहिलो आपण. आपल्याला बिल्ला नाही, नंबर नाही, गणवेश नाही. आपली तक्रार कुठे नोंदवायची, याची पाटी कुठल्याही गाडीत लागलेली नाही. म्हणूनच त्या दिवशी दादरला तीन रुपये बुडवणारा सद्गृहस्थ राहिला आणि दार उघडून आत बसलेला मीही. उतरताना मी त्या चालकाला भाड्यावर तीन रुपये जास्त देऊ केले. त्याने दरपत्रक पुन्हा काढलं, माझ्या भाड्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि जास्तीचे तीन रुपये परत केले. ‘तुमचे नाहीत ते, साहेब,’ एवढंच तो म्हणाला.

त्याचा हिशेब चोख होता. माझ्याकडून येणं होतं ते मघाशी, तो वाकून नाणं शोधत असताना.