हेडफोन पाण्यातले की घरातले?

ईदीचे पैसे जमले की मुले हेडफोन मागतात आणि घरात वाद सुरू होतो: पोहताना चालणारे घ्यायचे, की कान झाकणारे महागडे? आम्ही म्हणतो, किमतीआधी वापर विचारा.

पाण्याखाली ब्लूटूथ चालत नाही. त्याच्या लहरी पाणी शोषून घेते. म्हणून पोहण्याच्या हेडफोनमध्ये स्वतःची मेमरी हवी आणि खोक्यावर ‘आयपीएक्स८’ किंवा ‘आयपी६८’ लिहिलेले हवे. ‘आयपीएक्स७’ची चाचणी एक मीटर पाण्यात अर्ध्या तासाचीच असते. नवशिक्याला मात्र हे देऊच नका; शिकवणाऱ्याची हाक त्याच्या कानावर पडलीच पाहिजे.

कान झाकणारे हेडफोन भरल्या घरात अभ्यासाला उपयोगी. बाहेरचा गोंगाट अडला की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ४० तासांसाठी मोठ्यांना ८०, तर मुलांना ७५ डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. मोठ्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही.

तेव्हा वर्षभर नेमाने पोहणाऱ्यालाच पाण्यातले घ्या. मे महिन्यातल्या पंधरा दिवसांच्या पोहण्यासाठी ईदी खर्चू नका.