फ्लामेंको आणि अस्सलपणाचें सोंग

जी कला तिकीट काढून पाहावयास मिळते ती अस्सल असूंच शकत नाहीं, असा एक समज आमच्या सुशिक्षित मंडळींत फार बळावलेला दिसतो. स्पेनची सफर करून आलेला मनुष्य हा समज सामानाबरोबर घेऊनच परततो, आणि फ्लामेंकोचा विषय निघाला कीं ओंठ मुडपून सांगतो, "तुम्ही पाहिलेंत तें प्रवाशांसाठीं मांडलेलें दुकान. खरें फ्लामेंको जिप्सींच्या घरांत, पहाटे तीन वाजतां, कोणी परका नसतांना होतें." परका कोणी नसतांना हा गृहस्थ तेथें कसा होता, असें त्यास कोणी विचारीत नाहीं. सेव्हिल शहरीं आमच्याबरोबर असेच एक विद्वान सहप्रवासी होते. आम्ही नाट्यगृहाचें तिकीट काढूं लागलों तेव्हां त्यांनीं येण्याचें साफ नाकारलें, आणि आपण त्रियाना भागांत जाऊन "खरें" काय तें शोधणार असें सांगून ते नदीच्या पुलाकडे चालूं लागले. ह्या मताचा समाचार घ्यावा अशी इच्छा आम्हांस त्या रात्रीच झाली होती.

नाट्यगृह हा शब्दही जरा मोठाच. जुन्या वाड्याचा चौक, वर छप्पर घातलेलें, मधोमध लांकडी फळ्यांचा हातभर उंचीचा मंच आणि त्याच्या तीन बाजूंस मिळून ऐंशीएक खुर्च्या. ध्वनिवर्धक नाहीं. मंचावर माणसें चार: एक गिटारवाला, एक टाळ्या धरणारा तरुण, एक नर्तकी, आणि मागें खुर्चीवर साठीच्या घरांतला गायक. हा गायक रस्त्यांत भेटला असता तर भुसार मालाचा व्यापारी म्हणून आम्हीं त्यास सोडून दिलें असतें.

आमच्याकडील बहुतेकांची कल्पना अशी कीं फ्लामेंको हें नृत्य होय. घेरदार झगा, केसांत फूल आणि हातांत करताळ्यांसारख्या लांकडी चिपळ्या. वास्तविक ह्या कलेचें बीज गाण्यांत आहे. गिटार त्यास साथीस आली, नृत्य त्यास चिकटलें. त्या रात्रीं चिपळ्या तर कोणी आणल्याच नव्हत्या. सोलेआ हा प्रकार सुरू झाला. त्याचें आवर्तन बारा मात्रांचें, म्हणजे मोजणीनें आमच्या एकतालाइतकेंच. परंतु एकताल ज्याच्या अंगीं मुरला आहे तो येथें हमखास चुकतो. जोर येतो तो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. म्हणजे आधीं दोनदां तीन-तीनांचीं पावलें टाकून गाडी एकदम दोन-दोनांच्या घाईंत शिरते. आमच्या समेवर येण्यांत जें घरीं परतल्याचें समाधान असतें तें येथें नाहीं. आवर्तन मिटतें तें शेवटच्या मात्रेवर, दार लावून घेतल्यासारखें. सिगिरियाचेंही माप बाराचेंच, पण तेथें दोन, दोन, तीन, तीन, दोन अशी लंगडती चाल आहे, आणि ती ऐकतांना पायांखालील जमीन सरळ नसल्याचा भास होतो.

आतां ह्यांत लहान खोलीचें काय काम, असें कोणी विचारील. सर्वच काम तिचें आहे. नर्तकी ठरीव नाच नाचत नसते. तिच्या पायांतील एक ठराविक आघात म्हणजे गायकास दिलेली हांक. ती पडली कीं तो कडवें उचलतो. तो गात असतां ती पाय आवरते, हातांनीं व खांद्यांनीं बोलते. त्याची ओळ संपते न संपते तोंच टांचेनें तिची गांठ मारते. गायकाची नजर सारा वेळ तिच्या पाठीवर खिळलेली असते. ती श्वास केव्हां घेणार हें त्यास कळावें लागतें, आणि गिटारवाल्यास दोघांचेंही कळावें लागतें. बुटांच्या टांचांस व चवड्यांस खिळे ठोकलेले असतात. त्यांचा नाद फळीवरून सरळ आमच्या खुर्चीच्या पायांत उतरत होता. टाळ्या धरणारा तरुण गाण्याच्या वेळीं तळवे पोकळ करून दबका नाद काढी, आणि पाय मोकळे सुटले कीं बोटें तळव्यावर आपटून कोरडा कडकडाट करी. हा फरक दोन हजार माणसांच्या प्रेक्षागृहांत कोणास ऐकूं येईल? तेथें बुटांजवळ ध्वनिग्राहक ठेवतात आणि सारे नाद एकाच उंचीचे होऊन बसतात. आमच्याकडील बैठकीची लावणी ज्यांनीं संगीतबारीच्या खोलींत हातभर अंतरावरून पाहिली आहे, त्यांस भुवईची एक अदा तंबूंतील मागल्या रांगेपर्यंत पोंचत नाहीं हें निराळें सांगावयास नको.

आतां अस्सलपणाच्या कैवाऱ्यांकडे वळूं. पैसे देऊन ऐकण्याची चाल कालपरवांची आहे असें त्यांस वाटतें. सिल्व्हेरिओ फ्रांकोनेत्ती ह्या विख्यात गायकानें सेव्हिल शहरांत आपला गायनकाफे 1881 सालीं उघडला. त्याच वर्षीं मिठाईचे भाव असावेत इतक्या निश्चयानें एका लोकविद्यापंडितानें, आंतोनिओ माचादो इ आल्वारेसनें, ह्या गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि हे काफे जिप्सींच्या गाण्याचा घात करणार असें भाकीत वर्तविलें. म्हणजे "आतां पूर्वीचें राहिलें नाहीं" ही ओरड ह्या कलेच्या पहिल्या ग्रंथाइतकीच जुनी! पुढें 1922 च्या जून महिन्यांत मान्वेल दे फाया व तरुण गार्सिया लोर्का प्रभृतींनीं ग्रानादाच्या आलाम्ब्रा राजवाड्याच्या आवारांत शुद्ध गाण्याची स्पर्धा भरविली. नियम असा कीं एकवीस वर्षांवरील धंदेवाईक गायकांस मज्जाव. हेतु थोर होता. फायाच्या कानाविषयीं आम्हांस आदरच आहे. पण परीक्षकांचा प्रमुख कोण? तर आंतोनिओ चाकोन, काफ्यांतच नांवारूपास आलेला धंदेवाईक गायक! बक्षीस मिळालें तें 'एल् तेनासास' नामक एका म्हाताऱ्यास आणि बारा वर्षांच्या मानोलो काराकोल ह्या पोरास. हा पोरगा पुढें मोठा होऊन काय झाला? नामांकित धंदेवाईक गायक झाला, आणि 1963 सालीं त्यानें माद्रिदमध्यें स्वतःचें फ्लामेंकोगृह उघडलें, तिकीट लावून.

आणखी एक मौज. फ्लामेंकोचा अस्सल घोष म्हणून ज्या लांकडी पेटीवर आज थाप पडते ती पेटी पेरू देशांतील हबशी लोकांची असून, पाको दे लुसिया ह्या गिटारवादकानें ती 1970 नंतरच्या दशकांत आणिली. ती ऐकून डोळे मिटणाऱ्यांत शुद्धतेचे उपासक पहिल्या रांगेस असतात.

ह्या हट्टांत आम्हांस निव्वळ हंसण्याजोगें कांहीं असतें तर आम्ही लेखणी उचलली नसती. जिप्सींच्या घरांतील गाण्याचें हें जें कौतुक चालतें, तें घर कसें होतें? ह्या लोकांचा स्पेनमधील पहिला लेखी उल्लेख 1425 चा. 1499 पासून त्यांनीं भटकूं नये, आपली रीत सोडावी, नाहीं तर देश सोडावा, असे हुकूम सुटूं लागले. 1749 च्या जुलै महिन्यांत राजाज्ञेनें एकाच वेळीं देशभर धरपकड होऊन हजारों स्त्रीपुरुष व मुलें कोंडण्यांत आलीं. दार लावून गाणें ही त्यांची आवड होती कीं नाइलाज, ह्याचा विचार आमच्या रसिकांनीं करावा. त्यांच्यांतील गायकानें दार उघडलें, दिवा लावला, आणि गाण्याचा मोबदला मागितला, तर लगेच तो भ्रष्ट! संस्थानिकाच्या बिदागीवर जगलेले आमचे खांसाहेब भ्रष्ट नव्हते; मग ह्या मनुष्यानेंच काय पाप केलें? दुसऱ्याच्या दारिद्र्यावर आपल्या अभिरुचीची शोभा वाढविणें हें आम्हांस रसिकतेचें लक्षण वाटत नाहीं.

दुसरा एक भ्रम खास आमच्या देशांतला आहे, त्याचा निकाल थोडक्यांत लावतां येईल. कथक आणि फ्लामेंको ह्यांच्या जुगलबंद्या आमच्या शहरांतून होतात, आणि निवेदक छाती फुगवून सांगतो कीं फ्लामेंको ही कथकाची कन्या. जिप्सींचे पूर्वज हिंदुस्थानांतून गेले हें खरें, आणि त्याचा पुरावा त्यांच्या भाषेंत आहे. कान, नाक, पानी हे त्यांचे शब्द आमच्या बालकासही कळतील, आणि स्पेनमधील जिप्सी स्वतःस 'काले' म्हणवितात तो आमचाच 'काळे' शब्द होय. परंतु ते येथून निघाले त्यास सुमारें हजार वर्षें लोटलीं, आणि कथकास आजचें रूप आलें तें अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, लखनौ-जयपूरच्या दरबारांत. आई मुलीहून आठशें वर्षांनीं धाकटी असल्याचें उदाहरण आमच्या वाचनांत नाहीं. शिवाय फ्लामेंकोंत आंदालुसियाचीं लोकगीतें आहेत, क्यूबाहून परतलेल्या चाली आहेत. तीं सर्व कोणाच्या पदरांत घालावयाचीं?

एवढें सांगून झाल्यावर प्रतिपक्षास एक गोष्ट कबूल करणें भाग आहे. त्या सायंकाळीं नृत्यानंतर गायक एकटाच पुढें आला आणि त्यानें सिगिरिया आरंभिली. गिटारनें एक ओळ सोडली, म्हाताऱ्यानें डोळे मिटून नुसता 'आय्' असा स्वर लावला, आणि तो स्वर खर्जाकडे घसरत असतां कांठाकांठानें जें कांहीं मोडत गेलें तें वर्णन करण्याच्या भानगडींत आम्ही पडत नाहीं. पहिलें कडवें झालें. इतक्यांत मागच्या खुर्च्या कुरकुरल्या, कोणी दूरध्वनियंत्राचा दिवा लावला, आणि दाराशीं उभ्या असलेल्या व्यवस्थापकानें मनगटावर बोट आपटलें. खेळ एका तासाचा. दुसऱ्या खेळाची मंडळी बाहेर खोळंबलेली. म्हाताऱ्यानें तें पाहिलें. दुसरें कडवें त्यानें गिळलें, गिटारनें घाईनें बुलेरिया धरली, नर्तकी धांवत आली आणि टाळ्यांचा गजर झाला.

धंदा येथें नडतो, तिकिटाच्या खिडकीपाशीं नव्हे. आणि ह्या अपराधांत आमचे शुद्धतावादी निर्दोष नाहींत. ज्यांस सिगिरिया म्हणजे काय हें कळतें ते जर अशा खोलीकडे पाठ फिरवून बसले, तर ऐंशी खुर्च्यांवर टांचांचा कडकडाट मोजणारेच बसणार, आणि व्यवस्थापक घड्याळाकडेच पाहणार. 2010 सालीं युनेस्कोनें फ्लामेंकोस मानवजातीच्या वारशांत नोंदलें. 2020 च्या महामारींत प्रेक्षक बंद झाले तेव्हां माद्रिदचें कासा पातास हें जुनें फ्लामेंकोगृह कायमचें मिटलें. त्या नोंदीनें त्याचें भाडें भरलें नाहीं.

आम्हीं दुसऱ्या खेळाचें तिकीट काढलें. खुर्च्या निम्म्याच भरल्या होत्या आणि त्यानंतर तिसरा खेळ नव्हता. म्हाताऱ्यानें सिगिरिया पुन्हां लावली आणि तीन कडवीं गाइलीं. व्यवस्थापक दाराशीं खुर्ची ओढून बसला होता. तेंच तिकीट, तीच खोली, तोच मनुष्य. आमचे विद्वान सहप्रवासी मध्यरात्रीं उतरण्याच्या जागीं परतले तेव्हां त्यांचे पाय सुजले होते. त्रियानाच्या सर्व गल्ल्या पालथ्या घालून त्यांस एका उपाहारगृहांत, दूरचित्रवाणीवर, फुटबॉलचा सामना तेवढा सांपडला होता.