कंबरेच्या चाचण्या आणि 'अस्थिर' हा शिक्का

कंबर अस्थिर आहे की नाही हे एकाच चाचणीत ठरते, हा समज फिजिओथेरपीच्या ओपीडीत चांगलाच रुळला आहे. त्याला आधार दिला जातो तो प्रोन इन्स्टॅबिलिटी टेस्टचा. रुग्ण पालथा, धड टेबलावर, पाय कडेवरून खाली जमिनीला टेकलेले; थेरपिस्ट तळहाताने एकेक मणका दाबतो. दुखले तर रुग्णाने पाय उचलायचे आणि तोच मणका पुन्हा दाबायचा. दुखणे ओसरले, तर चाचणी पॉझिटिव्ह.

यातून मणका सरकतो हे सिद्ध होत नाही. पाठीचे स्नायू आवळले की दाब सोसवतो, एवढेच दिसते. सरकणे मोजायचे तर पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढावे लागतात, आणि थोडेफार सरकणे न दुखणाऱ्या पाठीतही सापडते. तरी रुग्ण 'मणका हलतो' एवढेच ऐकून घरी जातो आणि वाकायलाच घाबरू लागतो. उपचाराआधीच झालेले हे नुकसान.

पोट आत ओढण्याची चाचणी आणखी लंगडी आहे. कंबरदुखीच्या रुग्णांत हात उचलताना पोटाचा सर्वांत आतला स्नायू उशिरा जागा होतो, असे हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवले. तो उशीर सेकंदाच्या अंशांचा, स्नायूत घातलेल्या सूक्ष्म तारांनी टिपलेला. या चाचणीत पोटाखाली ठेवलेल्या हवेच्या पिशवीतला दाब उतरला की नाही, यावरून तो उशीर कळणार कसा?

म्हणून चाचण्या मोडीत काढाव्यात, हा दुसरा पक्षही टिकत नाही. हिक्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये चार खुणा एकत्र पाहिल्या: वय ४० च्या आत, ताठ पाय ९१ अंशांपलीकडे उचलला जाणे, वाकून उठताना अडखळणे किंवा मांडीवर हात टेकणे, आणि प्रोन इन्स्टॅबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह येणे. तीन खुणा जुळल्या तर स्थिरतेच्या व्यायामांनी गुण येण्याची शक्यता वाढत होती. २०१४ च्या पडताळणीत हा नियम खरा ठरला नाही. शेवटच्या दोन खुणांची जोडी मात्र आशादायक वाटली. म्हणजे कोणत्या व्यायामाने सुरुवात करावी, इतपत अंदाज या चाचण्यांतून बांधता येतो. तेवढ्यासाठी त्या हव्यातच.

खऱ्या सरकण्याचा संशय असेल, तर पालथ्या रुग्णाचे दोन्ही ताठ पाय एकत्र सुमारे ३० सेंटिमीटर उचलून हलके ओढण्याची चाचणी अधिक कामाची. कासाई यांनी २००६ मध्ये ती एक्स-रेशी ताडून पाहिली तेव्हा संवेदनक्षमता ८४ टक्के आणि विशिष्टता ९० टक्के आली. ते १२२ रुग्ण मात्र मणक्यांची झीज झालेले, बहुतेक वयस्कर होते. विशीतल्या गोलंदाजाला ही टक्केवारी लावता येत नाही.