पाचट नत्र खात नाही, उसनं घेतं

ऊस तुटून गेला की आमच्या भागात संध्याकाळी आभाळ धुरानं भरून येतं. परवा शेतकऱ्यांच्या एका मेळाव्यात एका वक्त्यानं या आगीला शास्त्राचा टिळा लावला. म्हणे, पाचट रानात ठेवलं की जमिनीतलं नत्र खातं आणि खोडवा पिवळा पडतो. शिवाय उंदीर होतात, पाणी अडतं. त्यापेक्षा काडी लावा, राख मिळेल, आणि युरियाचं एक पोतं जास्त टाका. टाळ्याही पडल्या. त्या टाळ्यांनी मला रात्रभर झोप लागू दिली नाही.

उंदरांचा बंदोबस्त उंदरांपुरता करावा. पाणी अडत असेल तर पाचट एकाआड एक सरीत दाबावं. राखेत पालाश उरतं, हे खरं. नत्र मात्र जवळजवळ सगळं धुराबरोबर जातं.

आता त्या पिवळ्या पानांबद्दल. पानं पिवळी पडतात, हे मीही पाहिलंय. पण का पडतात? पाचटात नत्राच्या एका भागाला कर्बाचे ऐंशी-शंभर भाग असतात. ते कुजवणाऱ्या जिवाणूंच्या अंगात हेच प्रमाण आठाला एक. कर्बाचं एवढं ताट समोर आल्यावर त्यांची संख्या भराभर वाढते, आणि अंग घडवायला लागणारं नत्र पाचटात पुरत नाही म्हणून ते मातीतून उचलतात. तेवढे दिवस पिकाची ओढाताण होते. पुढे पाचट संपत आलं की जिवाणू मरतात आणि तेच नत्र हळूहळू मुळांना मिळतं. वक्त्यानं यातला पहिला महिना सांगितला आणि पुढचं वर्ष गिळलं. अर्धं शास्त्र सांगून शेतकऱ्याच्या हातात काडीपेटी देणं हा गुन्हा आहे. हिशेबही करा: एकरी चार टन पाचट, त्यात अर्धा टक्का नत्र, म्हणजे वीस किलो. युरियात नत्र 46 टक्के. म्हणजे 45 किलोचं जवळजवळ एक पोतं आपण पेटवतो आणि दुसरं विकत आणतो!

याच्या उलट टोकाचे लोकही मला ठाऊक आहेत. त्यांच्याशी दहा वर्षं भांडतोय. त्यांना युरिया म्हणजे विष, पाचट म्हणजे सर्वस्व. खोडव्याला एकरी शंभर किलो नत्राची शिफारस आहे. पाचटातले वीस किलो, तेही सावकाश मिळणारे, कुठवर पुरतील? खत आणि पाचट यांना एकमेकांचे वैरी ठरवणारे दोन्हीकडचे सारखेच चुकतात.

करायचं ते सोपं आहे. बुडखे छाटा, पाचट सरीत पसरा. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाका, आणि लगेच पाणी द्या. चुनखडीच्या काळ्या रानात उघड्यावर पडलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो. पिकाची खतमात्रा वेगळी, पहारीनं मातीआड द्या. जिवाणूंचं उसनं आपण आधीच भागवलं की खोडव्याच्या तोंडचा घास जात नाही.

ज्यांची तोड अजून व्हायची आहे, त्यांनी यंदा निदान एक एकर तरी पेटवू नये.